केराबाईचा आकडा

फाइलीत : सकाळी सात. वेदना – शून्य.

दोऱ्यात : सकाळी सात. तीन गाठी.

फाइल सना सिस्टरची, दोरा श्रीमंतचा. दोन्हींत एकाच बाईची नोंद होती, आणि दोन्ही काही एकदम खरी असू शकत नव्हती.

श्रीमंत सांगोल्याकडच्या माळावरचा मेंढपाळ. सोलापुरातल्या हॉस्पिटलात, दुसऱ्या मजल्यावर, बायकांच्या वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर तो परवापासून बसून होता. आत जायची पुरुषांची वेळ ठरलेली. पण केराबाईची खाट दाराला लागून असल्यामुळं बाकड्यावरून ती डोक्यापासून पायापर्यंत दिसत होती. श्रीमंतला तेवढं पुरे होतं. उभा जन्म त्यानं लांबूनच राखण केली होती.

हातात चाती. लोकर कातायची ती लाकडी भिंगरी. वॉचमननं दोनदा विचारलं, "मामा, हे काय हत्यार?" श्रीमंतनं दोन्ही वेळा फिरवून दाखवली. काळ्या लोकरीचा दोरा भरभर निघत होता, आणि मधेच भिंगरी थांबवून श्रीमंत त्या दोऱ्याला गाठी मारत होता. एक गाठ म्हणजे जनावर जरा कुचमतंय. दोन म्हणजे लक्ष ठेवा. पाच म्हणजे चालवू नका, खांद्यावर घ्या.

लिहिता न येणाऱ्याचीही वही असते.

&nbsp;

शून्य

केराबाई त्याची बायको. पाच दिवसांपूर्वी एका उनाड शेळीमागं ओढ्यात उतरली, दगडावरून घसरली, आणि उजव्या गुडघ्याची वाटी फुटून तिचे दोन तुकडे झाले. काल दुपारी ऑपरेशन झालं. हाडाच्या डॉक्टरांनी दोन्ही तुकडे तारेनं आवळून बांधले. कुंपण बांधावं तसं, असं श्रीमंतला एक्स-रे बघून वाटलं, आणि त्याला बांधणी पसंत पडली.

आज सकाळी सना सिस्टर कागद घेऊन आली. भिंतीवर तोंडांची चित्रं होती: एक हसरं, मग कमी हसरं, असं करत शेवटचं धाय मोकलून रडणारं. खाली शून्य ते दहा.

"मावशी, किती दुखतंय? आकडा सांगा."

"शून्य."

"एकदम शून्य?"

"एकदम."

शेजारच्या खाटेवर कमलम्मा होती. विडी कामगार, तेलुगू घरातली. खुब्याचं हाड मोडून आलेली. ती न विचारताच म्हणाली, "माजं धा! लिव सिस्टर. धा!"

"कमलम्मा, तुम्ही काल चहा गार आला तेव्हापण दहाच म्हणालात."

"तेचंबी दुखलं की!"

सना हसली, केराबाईच्या फाइलीत शून्य मांडलं आणि पुढं गेली. दाराबाहेर श्रीमंतनं भिंगरी थांबवली.

त्याला ती चित्रंच पटली नव्हती. दुखणाऱ्याचं तोंड असं नसतं. ती काढणाऱ्यानं कधी मेंढरू बघितलं नसावं.

&nbsp;

मेंढरू

मेंढरू दुखणं सांगत नाही. जे लंगडतं त्यालाच लांडगा निवडतो, हे ते आईच्या पोटातून शिकून येतं. पायात काटा घेऊन ते कळपाच्या मधोमध चालेल, पण तोंडावर काही दिसू देणार नाही.

मग ओळखायचं कसं? कान बघायचे. दुखतं त्याचे कान मागं पडतात. नाकपुडी ताणते. आणि सगळ्यात पक्की खूण, रवंथ थांबतो. सगळा कळप सावलीला बसून चावत असतो, आणि एकाचंच तोंड बंद असतं. त्याला उचलायचं.

केराबाईचे कान पदराखाली होते. पण डाव्या, धडधाकट पायाचा अंगठा चादरीखाली वळून घट्ट आवळला होता, ते उंचवट्यावरून कळत होतं. आणि दुसरी खूण तर त्याहून पक्की.

"सिस्टर," श्रीमंत दारातून म्हणाला, "हिनं सकाळधरनं मला एकबी शिवी दिली न्हाय."

"मग चांगलंय की मामा!"

"चांगलं न्हाय. वंगाळ हाय. चाळीस वर्सांत असं झालं न्हाय."

"ऑपरेशननंतर स्वभाव सुधारला असेल."

"बाई, तिचं बोलणं हाच तिचा रवंथ हाय," श्रीमंत कळवळून म्हणाला. "मी चहात भाकरी बुडवून खाल्ली, तिच्या डोळ्यांदेखत. मुंडासं वाकडं बांधलं. चपल्या घालून दारात हुबा हाय. एक शबूद न्हाय!"

सनाला वाटलं, बिचाऱ्याला बायकोची काळजी लागलीय. तिनं त्याला पाणी दिलं.

&nbsp;

मागं : परवाची गोष्ट

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भुलीच्या डॉक्टर आल्या होत्या. डॉक्टर मुमताज. चष्मा कपाळावर चढवलेला, बोलणं सरळ. आणि त्या सरळपणानंच घोळ केला.

"मावशी, ऑपरेशन चालू असताना शरीराला दुखणं कळू नये म्हणून एक औषध देतो. खरं सांगू का, ते अफूच्याच खानदानातलं असतं. पण मोजून, थेंबा-थेंबानं."

केराबाई ताडकन उठून बसली. मोडक्या गुडघ्यानिशी.

"अफू नगं."

"अहो, नशेसाठी नाही..."

"नगं म्हंजे नगं. तसंच कापा."

डॉक्टर मुमताजनी चष्मा नाकावर घेतला. वाद घातला नाही. म्हणाल्या, "तसंच नाही कापता येत. पण पायाची नस सुईनं बधिर करू, म्हणजे ते औषध अगदी थोडं लागेल. एवढंच की बधिरपणा दुसऱ्या दिवशी सकाळी उतरतो. तेव्हा दुखणं एकदम उसळतं. आधी औषधात हात आखडता घेतला की कधीकधी नंतर जास्त सोसावं लागतं. साध्या गोळ्या चालूच ठेवू. तेवढ्यानं भागलं नाही तर... शून्य ते दहा, किती दुखतंय ते आकड्यात सांगायचं. सातच्या वर गेलं, तर तेच औषध पुन्हा थोडंसं शिरेतून देऊ. कबूल?"

"कबूल," केराबाई म्हणाली.

तिच्या कबुलीचा अर्थ तेव्हा कुणालाच कळला नाही. ती बाई तीनशे मेंढरांतलं एक हरवलं तर नजरेनं सांगणारी. तिनं साधा हिशेब केला होता : सातच्या वर आकडा गेला तर अफू. मग आकडा वर न्यायचाच कशाला?

&nbsp;

त्याच्याही मागं : ज्ञानबा

केराबाईचा बाप ज्ञानबा. माणूस देवाघरचा, पण पाठीच्या दुखण्यानं वाकलेला. कुणीतरी मुगाएवढी अफूची गोळी हातावर ठेवली. पाठ दुखायची थांबली. मग रोज गोळी. मग दोन.

एका भर दुपारी तो बाभळीखाली बसला, गोळी घेतली, आणि लांडगा आला. एकटाच. चार कोकरं नेली. एक नेलं, परत आला, दुसरं नेलं, अशा चार खेपा घातल्या. आणि ज्ञानबा झोपेत हसत होता.

केराबाई तेव्हा अकरा वर्षांची. पाण्याची कळशी घेऊन आली तेव्हा बाप हसत होता आणि आया ओरडत होत्या. मेंढ्या, म्हणजे. पण पुढं माणसांनीही कमी केलं नाही. वाडीत तिचं नाव पडलं, 'अफूवाल्याची केरा'. तिच्या हळदीला बायकांनी त्याच्यावर गाणं रचलं. तिनं ते हसत ऐकलं आणि मनात शपथ घेतली.

हे श्रीमंतला ठाऊक होतं. म्हणून तर त्याची पंचाईत होती. तिचं दुखणं सांगावं तर तिची शपथ मोडते. न सांगावं तर...

&nbsp;

न वाकणारा गुडघा

फाइलीत : सकाळी नऊ. शून्य. दोऱ्यात : चार गाठी.

दहाला व्यायामाच्या मॅडम आल्या. सृष्टी. केस वर बांधलेले, पोरसवदा, पण आवाजात शाळामास्तर.

"चला मावशी, पाय हळूच वाकवू. आज थोडा, उद्या त्याहून जास्त."

केराबाईनं वरच्या पंख्याकडं बघितलं. सृष्टीनं टाचेखाली हात घातला. गुडघा वाकला नाही. मांडी दगडासारखी कडक झाली.

"सैल सोडा."

"सोडलाय."

"दुखतंय का?"

"न्हाय."

"मग वाकवा की!"

"त्योच वाकत न्हाय. मी काय करू?"

"धा!" कमलम्मा पलीकडून म्हणाली. "तिचं बगून माजं धा झालं."

सृष्टीनं तीनदा प्रयत्न केला. मग ती सनाला दाराशी घेऊन आली आणि हलक्या आवाजात बोलू लागली. बाकड्यापासून दोन हातांवर. श्रीमंतचे कान टवकारलेलेच होते.

"दुखत नाही म्हणतात, आणि वाकतही नाही. दुखत असतं तर समजू शकले असते. पण शून्य? म्हणजे आत तारच कुठं अडकली असेल. सरांना सांगते. पुन्हा फोटो काढतील. कदाचित उघडून बघावं लागेल."

"आणि नाही वाकला तर?"

"या आठवड्यात सुरुवात झाली नाही तर आखडतो. मग कायमचा काठीसारखा."

श्रीमंतच्या हातातून भिंगरी सुटली आणि घरंगळत जिन्यापर्यंत गेली.

काठीसारखा पाय. माळावरून, बांधावरून, ओढ्यातून तीनशे मेंढरांमागं. केराबाई घरात बसलेली त्यानं कधी बघितलीच नव्हती. ती घरात बसली तर घराचं काय होईल, याची त्याला तिच्याइतकीच काळजी वाटली.

त्यानं भिंगरी उचलली. दोऱ्याला सलग पाच गाठी मारल्या. आणि डॉक्टर मुमताज कुठं बसतात ते वॉचमनला विचारलं.

&nbsp;

दोरा

"हे काय आहे, मामा?"

"फाइल."

डॉक्टर मुमताजनी दोरा टेबलावर सरळ केला.

"हितं काल सांजचं. एकबी गाठ न्हाय. पाय बधिर व्हता. ही सातची. तीन. ही नवाची, चार. आन ही आत्ताची."

"पाच. पाच म्हणजे?"

"खांद्यावर घ्यायचं."

डॉक्टर मुमताज दोऱ्यावरून बोट फिरवत राहिल्या. शेजारी केराबाईची खरी फाइल उघडी होती. शून्य, शून्य, शून्य. पण त्याच पानावर नाडीचे आकडे सकाळपासून चढत आले होते, आणि रक्तदाबाचेही. दोऱ्याच्या बाजूनं दोन साक्षीदार उभे होते, आणि त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

"मीच चुकले," त्या म्हणाल्या. "अफूचं नाव काढलं, पण तिच्या मनात अफू म्हणजे काय, ते विचारलं नाही. तुम्ही मला ते सांगा."

श्रीमंतनं सांगितलं. बाभूळ, चार खेपा, हळदीचं गाणं. सांगताना तो सारखा डावा गाल तळव्यानं दाबत होता. डॉक्टरांचं लक्ष गेलं.

&nbsp;

बोलणं, जसं झालं तसं

"मावशी, तुमच्या वडिलांचं कळलं मला."

"कुणी सांगितलं?" केराबाईनं दाराकडं बघितलं. दारात श्रीमंत. "चोंबडं."

"आली!" श्रीमंत सनाला म्हणाला. "शिवी आली. पर एकच. बारीक हाय."

"मावशी, त्यांना गोळी कुणी मोजून दिली होती?"

"कोन मोजणार? डबीत बोट घालायचं नि तोंडात टाकायचं."

"आणि ते झोपले तेव्हा जवळ जागं कोण होतं?"

केराबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"कोणीच नव्हतं. चूक न मोजलेल्या गोळीची, आणि एकटं सोडण्याची. इथं मी मोजून देणार. एवढंसं. सना जागी राहणार, तुमचा श्वास मोजणार. दोन-तीन दिवस, गुडघा वाकेपर्यंत. पुढं कमी करत बंद. डबी तुमच्या हातात येणारच नाही."

"तरीबी. मी निजले तर?"

"तर मी हाय," श्रीमंत म्हणाला. "तू नीज. राखण मी करतो."

"तुमी?" केराबाई कोपरावर उठली. तोंडाचा रंग उडाला होता, पण डोळे त्याच्यावर रोखलेले. "व्हय. तुमाला जमंल. तसंबी तीन हप्तं झोप कुटं हाय तुमाला."

"म्हंजी?"

"म्हंजी दाढ! मला काय कळत न्हाय? भाकरी चहात बुडवून खाताय. चावताय ते उजवीकडनं. मुंडासं डाव्या कानावर वडताय. कणीस हातात दिलं तर म्हनं भूक न्हाय. मेंढरांचे कान बघताय, स्वतःचे कुटं बगितले?"

कमलम्मानं नीट ऐकू यावं म्हणून तोंडातलं पान गालात सरकवलं.

"दाढ... जरा..." श्रीमंत म्हणाला.

"किती जरा?" डॉक्टर मुमताजनी भिंतीवरच्या तोंडांकडं बोट केलं. "आकडा सांगा, मामा."

"शून्य."

"अय्यो!" कमलम्मा कपाळाला हात लावून म्हणाली. "हे तर नवराबायको सारकेच!"

"खरा सांगा," केराबाई म्हणाली. "तुमी खरा सांगितलात तर मी खरा सांगते. तुमी दाढेच्या डॉक्टरकडं जायाचं. मी सुई घेते. न्हायतर दोगंबी शून्य."

श्रीमंतनं आयुष्यात लांडग्याच्या अंगावर काठी टाकली होती. पण दात उपटायची पक्कड त्यानं एकदा बाजारात बघितली होती आणि त्या रात्री जेवला नव्हता. त्यानं चाती एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. केराबाईच्या चादरीखालच्या आवळलेल्या अंगठ्याकडं बघितलं.

"सहा," तो म्हणाला. मग, "रातचं सात."

केराबाई उशीवर टेकली. डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांतून एकदम पाणी आलं.

"माजं नऊ," ती म्हणाली. "सकाळधरनं नऊ. आई गं... लई दुखतंय, मॅडम."

"धाच्या खाली हाय," कमलम्मा समाधानानं म्हणाली. पण हात लांब करून तिनं केराबाईचा हात धरला होता.

&nbsp;

राखण

फाइलीत : सकाळी साडेअकरा. वेदना – नऊ. औषध दिले.

डॉक्टर मुमताजनी स्वतः दिलं. थोडं. थांबल्या. आणखी थोडं. श्रीमंतला खाटेशेजारी स्टूल मिळालं. पुरुषांची वेळ नव्हती, पण सनानं वॉचमनला सांगितलं, हे पाहुणे नाहीत, हे ड्यूटीवर आहेत.

आधी अंगठा उलगडला. श्रीमंतनं तो बघितला आणि एक गाठ सोडवली. मग कपाळ. मग खांदे उतरले. केराबाईनं नाक खाजवलं. पुन्हा खाजवलं.

"सिस्टर, हिचं नाक!"

"औषधानं खाजतं कधीकधी. घाबरू नका."

"डोळं मिटती हाय."

"मिटू दे. तुम्ही छाती बघा."

तो छाती बघत बसला. वर, खाली. सना दर थोड्या वेळानं येऊन घड्याळ लावून मोजायची आणि श्रीमंतला विचारायची, "किती?" तो सांगायचा. दोघांचा आकडा एक यायचा. त्यानं कळपाबाहेर इतकं नीट कधी काही मोजलं नव्हतं.

मधेच केराबाई डोळे न उघडता म्हणाली, "कोकरं?"

"समदी हायेत."

"चार?"

श्रीमंतला कळायला क्षण लागला. "व्हय," तो म्हणाला. "ती चारबी."

&nbsp;

वाकला

फाइलीत : दुपारी साडेबारा. वेदना – तीन.

दोऱ्यात : एक गाठ. बारीक.

आज पहिल्यांदाच दोन्ही वह्या एकमेकींशी भांडत नव्हत्या.

सृष्टी परत आली. हाडाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आधी दुखणं उतरवून बघा, फोटोचं नंतर. तिनं टाचेखाली हात घातला. मांडी सैल होती. गुडघा हलला. लहान पोरगं दार किलकिलं करून बघतं, तेवढाच. मग थोडं आणखी.

"वीस अंश," सृष्टी कोन मोजायची पट्टी लावून म्हणाली. "तीस... मावशी, तार अडकलीबिडकली काही नाही! तुम्हीच अडकला होता!"

"आता किती दुखतंय?" सनानं विचारलं.

"पाच," केराबाई दात आवळून म्हणाली. "पर सोसंल असं पाच. वाकवा." आणि मग, मान वळवून, "आन तुमी! चपल्या घालून हितं कशाला आलायसा? दवाखाना हाय का गोठा? ती भिंगरी ठेवा खाली, लोकर उडतीया! मुंडासं बगा कसं बांदलंय, जसं काय वाऱ्यानंच आणून डोक्यावर टाकलंय..."

श्रीमंत हात जोडून उभा राहिला. तोंडभर हसत होता, डावीकडून जरा कमी.

&nbsp;

दुसऱ्या दिवशी, अकरा वाजता

श्रीमंत दाढेच्या डॉक्टरांकडून परत आला. डॉक्टर मुमताजनी स्वतः चिठ्ठी लिहून दिली होती. गालात कापूस, ओठ बधिर, एका बाजूचं तोंड लोंबलेलं. अर्धा तास बोलायचं नाही, अशी सक्त ताकीद होती.

केराबाईचा गुडघा तोवर पंचेचाळीसला पोचला होता, आणि शिरेतली सुई आज एकदाच लागली होती.

तिनं त्याला दारातच बघितलं. बोलायची बंदी आहे, हे सनानं तिला सांगितलं.

"अर्धा तास?" केराबाई म्हणाली. "उत्तर द्यायचं न्हाय?"

"अजिबात नाही."

केराबाई उशी सरकवून नीट बसली, पदर सारखा केला आणि सुरू झाली. तीन हप्ते दाढ लपवल्याबद्दल. त्या उनाड शेळीबद्दल, जी त्यानंच बाजारातून आणली होती. तिच्या बहिणीच्या लग्नातल्या एका गोष्टीबद्दल, जी ती विसरली असं श्रीमंतला वाटलं होतं. कमलम्मानं सनाचं घड्याळ मागून घेतलं आणि मांडीवर ठेवलं.

सनानं कागद काढला. "मामा, तुमचा आकडा? बोटं दाखवा."

श्रीमंतनं एक बोट वर केलं.

"खोटं!" केराबाई वाक्य मधेच तोडून म्हणाली. "कान बगा त्यांचे. तीन लिवा."